अबुकिरचे प्लग

हकीकत मे १९३० मधली आहे. इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा हिंदुस्थान ते इंग्लंड हा प्रवास एकट्याने विमान चालवत, एका महिन्याच्या आत पुरा करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. तिघे जण पुढे आले. मनमोहन सिंग यांनी आपल्या विमानाला ‘मिस इंडिया’ असे नाव दिले होते. त्यांनी प्रवास पुरा केला, पण महिन्याची मुदत थोडक्यात हुकली. उरले दोघे. पंचवीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीहून लंडनच्या दिशेने निघाले होते आणि सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर लंडनहून कराचीच्या दिशेने. दोघांचीही विमाने ‘जिप्सी मॉथ’ जातीची. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकिर येथे टाटा उतरले तेव्हा अस्पी तिथे अडकून पडलेले आढळले. त्यांच्या इंजिनाचे स्पार्क प्लग बिघडले होते आणि जवळ सुटे प्लग नव्हते. टाटांनी आपल्याजवळचे सुटे प्लग त्यांना दिले. अस्पींनी कृतज्ञतेने आपले जीवरक्षक जाकीट टाटांना दिले. दोघे विरुद्ध दिशांना उडाले. अस्पी कराचीला आधी पोहोचले आणि बक्षीस त्यांना मिळाले. टाटांची संधी काही तासांच्या फरकाने गेली. अस्पी पुढे हवाई दलात गेले आणि १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते.

ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळदा सांगितली जाते आणि ती सांगण्याची एक रीत ठरून गेली आहे. खिलाडूपणाचा धडा म्हणून ती भाषणांत येते, पाठ्यपुस्तकी उताऱ्यांत शोभते, टाटांच्या थोरवीचा दाखला म्हणून चरित्रलेखनात आपली जागा घेते. त्या थोरवीबद्दल मला शंका नाही. माझी तक्रार कथनाच्या रीतीबद्दल आहे. या कथनात प्लग हे केवळ निमित्त असते. त्याजागी पाण्याची बाटली असती, चार लिटर पेट्रोल असते, तरी गोष्ट तशीच सांगितली गेली असती. साहित्याच्या अभ्यासकाला अशा वेळी थांबावेसे वाटते. ज्या वस्तूवाचून कथानक एक पाऊल पुढे सरकत नाही, ती वस्तू कथनात इतकी अदृश्य का राहते? सेंतेक्झुपेरीच्या ‘छोटा राजपुत्र’मध्येही वाळवंटात उतरावे लागलेल्या निवेदकाच्या इंजिनात नेमके काय बिघडले ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. तिथे ते कळण्याची गरज नाही, कारण ती रूपककथा आहे. इतिहासाला मात्र ही सवलत घेता येत नाही.

तेव्हा आधी वस्तूकडे पाहू. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि नेमक्या क्षणी त्यात ठिणगी पडावी लागते. ती पाडणारा हा बोटाएवढा खिळा. त्याच्या मधोमध एक धातूची कांडी, तिच्याभोवती वीज अडवणारे कवच आणि बाहेर आट्यांची धातूची खोळ. कांडीचे टोक आणि खोळीला जोडलेला काटा यांच्यात बारीकशी फट असते. हजारो व्होल्टचा दाब त्या फटीतून उडी मारतो. मिनिटाला दोन हजार फेरे मारणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक प्लगला मिनिटाला हजार वेळा हे करावे लागते आणि तेही भट्टीत डोके घालून. विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात आणि त्यांना वीज पुरवणारे मॅग्नेटोही दोन. एक साखळी तुटली तर दुसरीने विमान जमिनीपर्यंत आणावे अशी ही योजना. शिवाय दोन बाजूंनी पेटलेले मिश्रण अधिक चांगले जळते. जिप्सी मॉथच्या इंजिनाला चार सिलिंडर, म्हणजे आठ प्लग.

अबुकिरच्या गोष्टीतला पहिला न सांगितलेला भाग इथे आहे. टाटांचे प्लग अस्पींच्या इंजिनात बसले, कारण दोघांची इंजिने एकाच कारखान्याच्या एकाच घडणीची होती आणि आटे तंतोतंत जुळत होते. दोघांची विमाने निराळ्या जातीची असती, तर टाटांच्या मनातले औदार्य तितकेच राहिले असते, पण अस्पी मात्र तिथेच बसून राहिले असते. द हॅविलंड कंपनीने ‘मॉथ’ हे विमान हौशी माणसाला परवडेल, कुठल्याही फ्लाइंग क्लबात दुरुस्त होईल अशा बेताने बनवले होते. मुंबईच्या फ्लाइंग क्लबात टाटा उडायला शिकले आणि १९२९ च्या फेब्रुवारीत त्यांना पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला, ते दिवस या छोट्या विमानांचेच होते.

प्लग ही विमानाची जन्मजात वस्तू नाही. राइट बंधूंच्या १९०३ च्या इंजिनात प्लग नव्हताच. चार्ली टेलर या त्यांच्या मेकॅनिकने बनवलेल्या त्या इंजिनात सिलिंडरच्या आतच दोन संपर्कबिंदू एकमेकांपासून दूर होत आणि त्यांच्या विलगतेतून ठिणगी उडे. मावळत्या पिढीची ती रीत होती. तिकडे जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने १९०२ मध्येच उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग सिद्ध केला होता. पुढील दहा-बारा वर्षांत युरोपभर या जोडीचे राज्य झाले. ते इतके पक्के झाले की १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटनच्या ध्यानात आले, आपल्या मोटारी आणि विमाने ज्या मॅग्नेटोंवर चालतात ते जवळजवळ सगळे शत्रूच्या देशातून येत होते. साम्राज्याचे आरमार जगात पहिले. पण ठिणगी मात्र स्टुटगार्टहून आणावी लागे.

त्या युद्धातल्या अनेक विमानांत इंजिन स्वतःच गरगर फिरत असे, आणि वंगण म्हणून एरंडेल वापरले जाई. ते जळके एरंडेल वैमानिकाच्या तोंडावर उडे तसे प्लगवरही साचे. तेलाने माखलेल्या प्लगला ठिणगी फेकता येत नाही, कारण विजेला फटीतून उडी मारण्यापेक्षा काजळीवरून सरपटत जाणे सोपे जाते. या इंजिनांपैकी पुष्कळांत सिलिंडरला एकच प्लग असे. शत्रूच्या गोळीइतकाच हा चिकट काळा थर वैमानिकाला खाली आणू शके.

आता कवचाकडे येऊ. प्लगच्या इतिहासातला सर्वांत समृद्ध आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित भाग हा आहे. मधल्या कांडीभोवती वीज अडवणारे काय घालायचे? सुरुवातीला चिनी माती वापरली गेली. मोटारीत ती चालून गेली. विमानाच्या तापत्या इंजिनात मात्र ती तडकू लागली. पर्याय सापडला तो अभ्रकाचा. केनेलम ली गिनेस हे एक शर्यतपटू होते. शर्यतीत प्लग दगा देतात म्हणून त्यांनी स्वतःच अभ्रकाचे प्लग बनवायला घेतले आणि लंडनजवळ पटनी व्हेल येथे कारखाना काढला. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘केएलजी’ हे प्लग प्रसिद्ध झाले आणि पहिल्या महायुद्धात त्यांना प्रचंड मागणी आली. रचना अशी: मधल्या कांडीवर अभ्रकाचा पातळ पापुद्रा नळीसारखा गुंडाळायचा, मग अभ्रकाच्या शेकडो चकत्या तिच्यावर एकावर एक रचून दाबून घट्ट करायच्या आणि बाहेरून घासून गुळगुळीत करायच्या. अभ्रक तापले तरी तडकत नाही, धक्क्याने फुटत नाही, वीज तर अजिबात जाऊ देत नाही.

हे अभ्रक कुठून येत होते? जगातल्या उत्तम प्रतीच्या पत्री अभ्रकाचा मोठा वाटा हिंदुस्थानातून जात असे, आणि त्यातला सर्वांत नावाजलेला लालसर झाकेचा माल हजारीबाग, कोडरमा, गिरिडीह या पट्ट्यातला, म्हणजे तेव्हाच्या बिहारमधला आणि आजच्या झारखंडमधला. खाणीतून आलेल्या अभ्रकाच्या लाद्यांच्या कडा विळ्याने साफ केल्या जात. ‘विळ्याने तासलेले’ हा शब्द पुढे जागतिक बाजारात प्रतवारीचा शब्दच बनला. मग त्या लाद्यांचे धारदार सुरीने पापुद्रे सुटे करायचे, कागदाहून पातळ, न फाडता. या कामाला यंत्र मिळेना. ते करत स्त्रिया, आणि त्यांच्या शेजारी बसलेली मुले. युद्धकाळात ब्रिटिश सरकारने हिंदी अभ्रकाच्या निर्यातीवर नियंत्रण आणले, यावरूनच त्याचे मोल कळते. दुसऱ्या महायुद्धात तर ब्रिटन आणि अमेरिका यांनी मिळून खास अभ्रकाच्या खरेदीसाठी एक संयुक्त मंडळ हिंदुस्थानात पाठवले होते. तोवर प्लगपेक्षा रेडिओच्या कंडेन्सरसाठी अभ्रक अधिक लागू लागले होते, ही गोष्ट वेगळी.

आता अबुकिरला परत एक फेरी मारू. १९३० साली ब्रिटिश विमानांचे प्लग बहुतांशी अभ्रकाचे असत. त्यामुळे टाटांनी अस्पींच्या हाती ठेवलेल्या प्लगच्या पोटात हजारीबागचे अभ्रक असण्याची शक्यताच अधिक. तसे असेल तर ‘पहिला हिंदी वैमानिक’ कोण या चुरशीत दोन हिंदी माणसांबरोबर तिसरेही कोणी होते: एखाद्या शेडमध्ये उकिडवी बसून सुरीने पापुद्रे सोडवणारी बाई. तिचे नाव कुठेही नोंदलेले नाही. मजुरीच्या वहीत अंगठा असेल, तोही कदाचित मुकादमाने उठवलेला. मी हे भावुकतेने म्हणत नाही. चरित्रग्रंथांवर वाढलेली आपली इतिहासदृष्टी वस्तूंच्या मागे चालत गेली तर कोणाच्या दारात जाऊन उभी राहते, एवढेच दाखवायचे आहे. मर्ढेकरांच्या कवितेने यंत्रयुग मराठीत आणले असे आपण वर्गात शिकवतो. त्या यंत्राला लागणारा कच्चा माल आपल्याच मातीतून निघत होता याची नोंद मात्र आपल्या समीक्षेने फारशी घेतलेली नाही.

अमेरिकेतली कथा निराळ्या मासल्याची आहे आणि तिचा नायक कादंबरीत शोभावा असा आहे. अल्बेर शांपियाँ हा पॅरिसचा गरीब मुलगा सायकलपटू झाला, १८९९ ची पॅरिस-रुबे शर्यत जिंकला आणि पुढे अमेरिकेत गेला. बॉस्टनमध्ये त्याने आपल्या नावाने प्लगचा धंदा सुरू केला. १९०८ मध्ये भागीदारांशी फारकत घेऊन तो मिशिगनमधल्या फ्लिंट गावी गेला. पण ‘चॅम्पियन’ हे नाव जुन्या भागीदारांकडे राहिले, त्यांनी ते ओहायोतल्या टोलेडोला नेले. स्वतःच्या आडनावाला मुकलेल्या या माणसाच्या नव्या कंपनीला शेवटी त्याच्या आद्याक्षरांवर ‘एसी’ म्हणून राहावे लागले. १९२७ च्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून साडेतेहतीस तासांत पॅरिसला पोहोचला तेव्हा त्याच्या नऊ सिलिंडरांच्या इंजिनात ‘एसी’चेच प्लग होते. अठरा प्लगांपैकी एकानेही कुरकुर केली असती तर अटलांटिकवर दुरुस्तीला जागा नव्हती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शांपियाँ पॅरिसमध्येच वारला. विमानाच्या प्लगांच्या बाजारात आज ‘चॅम्पियन’ हे नाव अग्रभागी आहे, पण ते त्याच्याच हातून निसटलेल्या शाखेचे.

अभ्रकाचा शेवट शिशाने केला. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली याला १९२१ च्या डिसेंबरात आढळले की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळले की इंजिनाची ठोकर थांबते. ठोकर थांबली की मिश्रण अधिक दाबता येते, आणि त्याच इंजिनातून अधिक ताकद निघते. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांची झेप या शंभर ऑक्टेनच्या इंधनावर उभी होती. किंमत सुरुवातीपासूनच स्पष्ट होती. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात हे द्रव्य बनवताना पाच कामगार विषबाधेने मेले. मिजलीलाही शिशाची बाधा झाली होती. तरीही कारखाने पुढे चालू राहिले.

प्लगच्या दृष्टीने शिशाचे दोन परिणाम झाले. शिशाची संयुगे तापलेल्या अभ्रकाला खाऊन टाकत. त्यामुळे १९३० नंतरच्या दशकात अभ्रक मागे पडले आणि त्याची जागा अ‍ॅल्युमिना भाजून केलेल्या नव्या सिरॅमिकने घेतली. जर्मनीत सीमेन्सने, इंग्लंडात लॉज आणि खुद्द केएलजी यांनी आपापल्या नावांनी ते बाजारात आणले. अमेरिकेत चॅम्पियनने त्याआधीच कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समधून अँडॅल्युसाइट नावाचे खनिज काढून कवचे भाजायला सुरुवात केली होती. अभ्रकाचे पापुद्रे सोडवणाऱ्या हातांची गरज विमानाला उरली नाही. दुसरा परिणाम आजतागायत टिकला आहे. जळलेले शिसे घट्ट होऊन राखाडी मण्यांसारखे प्लगच्या टोकाशी साचते आणि फट बुजवते. ते वायुरूपात बाहेर जावे म्हणून इंधनात ब्रोमीनचे संयुग घालतात, पण इंजिन थंड चालले तर ते काम अर्धवट राहते. अमेरिकेच्या बी-३६ या बाँबफेकी विमानाला सहा पिस्टन इंजिने होती, प्रत्येकात अठ्ठावीस सिलिंडर आणि छप्पन्न प्लग, म्हणजे एका विमानाला ३३६ प्लग. ते सगळे काढून साफ करणे किंवा बदलणे म्हणजे काय, याची कल्पना जमिनीवरच्या माणसांनाच होती. १९५९ मध्ये ती विमाने सेवेतून गेली. मोठ्या विमानांनी जेट इंजिन घेतले आणि ठिणगीचा हा सगळा प्रपंच छोट्या विमानांकडे उरला.

त्या छोट्या विमानांच्या जगात आज जो प्रश्न चर्चिला जातो तो वरकरणी दुकानदारीचा आहे: साधा प्लग घ्यावा की महागडा? साध्या प्लगची टोके निकेलच्या मिश्रधातूची, जाड आणि बोजड असतात. महागड्याची टोके प्लॅटिनमच्या किंवा इरिडियमच्या बारीक तारेची. बारीक टोकावर विजेचा दाब एकवटतो, म्हणून ठिणगी कमी दाबातही उडते. तारेभोवती जागा मोकळी राहते, म्हणून शिशाचे मणी सहज अडकून बसत नाहीत. जाड टोके चारपाचशे तासांत झिजतात. बारीक तार त्याच्या कित्येक पट टिकते, आणि किंमतही कित्येक पट असते. प्लॅटिनमवर शिसे हळूहळू परिणाम करते, इरिडियम त्याला जास्त दाद देत नाही. या धातूचा शोध १८०३ मध्ये स्मिथसन टेनंट याने लावला आणि त्याच्या क्षारांचे रंग पाहून ग्रीक इंद्रधनुष्यदेवतेचे, आयरिसचे, नाव त्याला दिले. पृथ्वीच्या कवचात अत्यंत दुर्मीळ असलेला हा धातू मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतल्या प्लॅटिनमच्या खाणींतून जोडउत्पादन म्हणून निघतो. म्हणजे कोडरम्याची जागा आता दुसऱ्या एका खाणपट्ट्याने घेतली आहे.

माझ्या मते महागड्या प्लगचा गौरव करताना एक गोष्ट विसरली जाते. दोष मुळात प्लगचा नाही. पूर्वी कमी दाबाच्या इंजिनांसाठी ऐंशी ऑक्टेनचे विमानी पेट्रोल मिळत असे आणि त्यात शिसे अगदी थोडे असे. ते बाजारातून गेले. उरले ते ‘शंभर, कमी शिशाचे’ म्हणून ओळखले जाणारे पेट्रोल. हे ‘कमी’ जुन्या शंभर ऑक्टेनच्या तुलनेत आहे. ऐंशीवर चालायला घडवलेल्या इंजिनाला त्यातून पूर्वीच्या कितीतरी पट शिसे मिळते. शिकाऊ वैमानिकांची विमाने नेमकी अशी, आणि त्यांचे इंजिन बराच वेळ जमिनीवर मंद चालते. मग शिसे साचते, आणि उड्डाणापूर्वी एकेक मॅग्नेटो बंद करून पाहताना इंजिन थरथरू लागते. यावर पहिला उपाय इरिडियमचा नसून हाताचा आहे. मिश्रण पातळ ठेवून चालवणे, ठरल्या तासांनी प्लग काढून मणी टोकरणे, फट इंचाच्या सोळा ते एकवीस सहस्रांशांत आणणे, वरचे प्लग खाली आणि खालचे वर लावणे. मॅग्नेटो आळीपाळीने धन आणि ऋण ठिणगी देतो, म्हणून प्लगची पुढची जागा कोणती हेही ठरलेले असते. इंजिनाला गरम धाटणीचा प्लग हवा की थंड धाटणीचा, हा प्रश्न धातूच्या प्रश्नाआधीचा आहे. टोक पुरेसे तापले नाही तर मळते, फार तापले तर ठिणगीआधीच मिश्रण पेटवते. आणि मान्यतेच्या यादीत नसलेला प्लग, कितीही उंची असो, विमानात बसवता येत नाही.

हँगरमधला एक नियम मला फार आवडतो. हातातून जमिनीवर पडलेला प्लग पुन्हा इंजिनात जात नाही, तो टाकून द्यायचा. आतले सिरॅमिक तडकले असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही, आणि ते जमिनीवर उघडकीला येईलच असेही नाही. अभ्रकाच्या जमान्यात या नियमाची एवढी निकड नव्हती.

हे सारे आता बदलू लागले आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा परगण्याने आपल्या विमानतळांवर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ जानेवारी २०२२ पासून थांबवली. तिथल्या रीड-हिलव्ह्यू विमानतळालगत राहणाऱ्या मुलांच्या रक्तातल्या शिशाची तपासणी त्याआधीच्या वर्षी प्रसिद्ध झाली होती. अमेरिकी विमान प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये शंभर ऑक्टेनच्या एका शिसेविरहित पेट्रोलला पिस्टन इंजिनांसाठी मान्यता दिली. त्याच महिन्यात आपल्याकडे इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यात बनवलेले विमानी पेट्रोल बाजारात आणले. तोवर ते परदेशातून येत असे. धुळे-बारामतीसारख्या ठिकाणी उड्डाण शिकणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने ही स्वदेशी सोय मोलाची आहे. पण ते पेट्रोल शिशाचेच आहे, आणि त्यांच्या विमानांचे प्लग काढून टोकाशी साचलेले राखाडी मणी टोकरण्याचे काम हँगरमधल्या मेकॅनिकांना अजून करावे लागते.